डाखोरेकाका आणि अकरा पाठी

माझं आडनाव खरे. पण आमच्या सोसायटीत निदान सहा माणसं मला 'रवरे' म्हणतात, आणि त्यातली दोन तर मनापासून म्हणतात, कारण माझं आडनाव तेच आहे अशी त्यांची समजूत आहे. याला जबाबदार कोण, असं कुणी विचारलं की मी पूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या डाखोरेकाकांकडे बोट दाखवत असे. आता ते पुण्यात नाहीत, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. जबाबदार मी. काकांनी तर मला बजावलं होतं, आणि तेही दोनदा.

डाखोरेकाका मूळचे वर्ध्याकडचे. खडकीला लष्करी सामानाच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं पेट्यांवर अक्षरं मारली. पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा पेटीवर दाबून धरायचा आणि वरून रंग ठोकायचा. पेटीत काय आहे, किती आहे, कधी भरलं आणि कुठली बाजू वर, एवढं जगाला कळलं म्हणजे त्यांचं काम झालं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सदाशिव पेठेत आमच्या इमारतीत घर घेतलं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "इथून सारे दवाखाने पायी होतात जी." इतकी वर्षं पुण्यात काढूनही त्यांचा 'हाव' कधी 'हो' झाला नाही. आमच्याकडे 'काय करताय?' या प्रश्नात 'तुमचं इथे काय काम?' असा एक वास असतो. काका 'काय करून राहिले, खरेसाहेब?' असं विचारायचे, तेव्हा त्यांना खरोखरच मी काय करून राहिलो हे हवं असायचं. सुरुवातीला मला त्याची भीतीच वाटे.

त्यांच्या घरात नाव नसलेली वस्तू नव्हती. छत्रीवर 'छत्री'. चपलांवर 'डावी', 'उजवी'. पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा ओट्यावर दोन सारखे डबे होते. एकावर 'साखर', दुसऱ्यावर 'साखर नाही'.

"काका, त्यात मीठ आहे ना? मग 'मीठ' का नाही लिहिलं?"

"मीठ शोधणारा मीठ शोधतेच जी. घोळ साखर शोधणारा करते. त्याला सांगायला नको, की इथं नाही?"

मी यावर विचार करत घरी आलो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या बाजूचं कुणी उरलं नाही.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, ती वर्ध्याला दिलेली. तिच्या लग्नात सासरी जाणाऱ्या लोखंडी पेटीवर काकांनी स्वतः कापलेल्या पत्र्याने 'हळू हाताळा' असं मारलं होतं. व्याह्यांकडची मंडळी पेटी उचलताना हसली. "आत काचसामान आहे काय हो?" काका म्हणाले, "नाही जी. पेटीत सारं स्टीलचं आहे." मग त्यांनी पेटी खरोखरच हळू उचलली. ही गोष्ट ते मजेची म्हणून सांगायचे. शेवटी स्वतः एकटेच हसायचे, आणि ऐकणाऱ्याला कुठे बघावं ते कळत नसे.

त्यांचा हात कापायचा. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, काळजी नको. काका चहा अर्धाच कप घ्यायचे, पण दोनदा. मोकळ्या हाताने लिहिणं त्यांनी सोडून दिलं होतं, बँकेच्या चेकवरची सही सोडली तर. "पत्रा धरला की अक्षर पत्र्याचं होते," ते म्हणायचे, "हाताला काही करावं लागत नाही." मुलगी दर आठवड्याला फोनवर विचारायची, "बाबा, हात कसा आहे? कधी येता इकडे?" काका सांगायचे, "हात हाय तिथंच हाय."

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो.

आमच्या सोसायटीचा एक क्रिकेटचा संघ होता. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचा. शहरातल्या सोसायट्यांची वर्षातून एकदा तशी स्पर्धा होते, आणि संघाचा सेक्रेटरी मी होतो, म्हणजे निवडीच्या बैठकीला जो उशिरा आला तो. आदल्या वर्षी आम्हाला मैदानाच्या दारातून परत पाठवलं गेलं. काही संघ पन्नाशीच्या नावाखाली भाच्यांना आणि जावयांना उतरवत होते, म्हणून नियम निघाला होता: प्रत्येकाच्या पाठीवर आडनाव हवं आणि ते आधार कार्डाशी जुळायला हवं. नियमांचा कागद माझ्याकडे आला होता. मी तो पूर्ण वाचला होता, फक्त मागची बाजू सोडून.

त्यानंतरच्या बैठकीत बाहेर कट्ट्यावर बसणाऱ्यांच्या गटाने ठराव आणला की संघ मोडावा आणि त्याच्या निधीतून पार्किंगशेजारी एक लोखंडी बाकडं बसवावं. आमचे यष्टिरक्षक भिडे, वय सदुसष्ट, उभे राहिले. म्हणाले, "बाकड्यावर बसायला मला आयुष्य पडलंय. मला उभं राहायचंय ते आत्ता." शेवटी ठरलं की एक संधी द्यायची. या वर्षीही दारातून परत आलो तर बाकडं. बैठकीतून उतरताना भिडे जिन्यात माझ्या कानाशी म्हणाले, "खरे, या वेळी कागदाची मागची बाजू वाचा. हवं तर मी उलटून देतो."

तर अकरा पांढरे शर्ट, त्यांवर अकरा आडनावं, आणि कमीत कमी खर्च. मी शनिवार पेठेतल्या एका छपाईवाल्याकडे गेलो. काउंटरमागचे गृहस्थ पेपर वाचत होते.

"शर्टांवर नावं छापायची आहेत."

"छापतो."

"अकरा."

"एकच नाव अकरांवर?"

"नाही, अकरा वेगळी."

त्यांनी पेपर खाली केला. "प्रत्येक नावाला वेगळी जाळी करावी लागते. एक जाळी केली की हजार शर्ट निघतात. तुम्हाला एक हवा. परवडणार नाही. सगळ्यांची आडनावं एकच करता येतील का?"

"ते कसं शक्य आहे?"

"मग माझ्याकडे कशाला आलात?" आणि पेपर पुन्हा वर गेला.

दुसऱ्या दुकानात प्लास्टिकच्या पातळ पट्टीतून अक्षरं कापून ती गरम दाबाने कापडावर चिकटवत. त्यांचा दर अक्षरामागे होता. तिथे मी विचारलं, 'बर्वे' यात अक्षरं किती? दुकानदार म्हणाला दोन, पण रफार वेगळा कापावा लागतो, म्हणजे तीन. मी म्हटलं, रफाराला अर्धं धरा. तो म्हणाला, "मग शर्टही अर्धाच आणा." तिसऱ्या ठिकाणी फिल्मवर रंगीत छापून चिकटवून देत. ते स्वस्त होतं, पण मीटरवर, आणि निदान पाच मीटर घ्यावे लागणार होते. आमची अकरा आडनावं जेमतेम दीड मीटरची. उरलेल्या साडेतीन मीटरांत काय छापू? भरतकामाची चौकशी केली, तर बाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर."

तेव्हा मी स्वतःच्या अकलेवर उतरलो. इस्त्रीने चिकटवायचे कागद आणले, घरच्या प्रिंटरवर 'खरे' छापलं, आणि पहिल्याच शर्टावर इस्त्री ठेवली. कागदावर लिहिलं होतं, वीस सेकंद. मी विचार केला, चाळीस सेकंदांत दुप्पट टिकेल. शर्ट सुती नव्हता, हे मला इस्त्रीनेच सांगितलं. इस्त्री उचलली तेव्हा पाठीला इस्त्रीच्या आकाराची खिडकी होती आणि 'खरे' इस्त्रीला चिकटलं होतं. ते अजूनही आहे. बायको दर रविवारी माझ्या नावाने इस्त्री करते.

तो खिडकीवाला शर्ट घेऊन मी कचऱ्याच्या डब्याकडे निघालो असताना जिन्यात काका भेटले.

"काय करून राहिले, खरेसाहेब?"

मी सगळं सांगितलं. काकांनी शर्ट हातात घेतला, खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पत्रा काहून नाही वापरत जी?"

तिथून पुढचे दहा दिवस माझे आयुष्यातले सर्वांत शिस्तीचे दिवस.

पत्रा कापायला त्यांचा हात आता चालत नव्हता. पण छातीची, गुडघ्याची वगैरे चित्रं काढतात ती जुनी काळी एक्स-रेची फिल्म धारदार पातीने लोण्यासारखी कापली जाते. टेबलाला कोपर टेकवून, मनगटाखाली पुस्तक ठेवून काका ती कापू शकत. एका आडनावाला एक फिल्म. प्रश्न एवढाच, की अकरा फिल्म आणायच्या कुठून? मी घरोघर फिरलो. आमच्या इमारतीत प्रत्येक कपाटात एक्स-रे आहेत आणि एकही माणूस तो द्यायला तयार नाही. "डॉक्टर कधी मागतील सांगता येत नाही." कुणी म्हणालं, "हे पाऊल आमच्या सासूबाईंचं आहे, त्या असत्या तर दिलं असतं." भिड्यांनी स्वतःचा गुडघा दिला, पण अटीवर: "नाव कापून उरलेलं परत आणा." नऊ फिल्म जमल्या.

पहिला नमुना काकांनी माझ्यासाठी केला. नवा शर्ट, निळा रंग, स्पंजाचा बोळा. "पुसायचा नाही जी, ठोकायचा. पुसला की पत्र्याखाली शिरते." फिल्म उचलली. मी पाहिलं. पाठीवर लिहिलं होतं:

खरे मा.
७८ कि.
वर ही बाजू

आणि शेजारी वर जाणारा बाण.

"काका, फक्त नाव हवं होतं."

"नुसतं नाव?" त्यांना खरंच वाईट वाटलं. "वजन नको?"

"नको."

"बाण तरी राहू द्या. मैदानावर पडले, उचलणाऱ्याला कळलं पाहिजे."

वजन आणि बाण गेले. त्यासाठी पुन्हा एक शर्ट गेला, तो मी बायकोच्या नकळत आणला आणि तिला कळला. पण त्यानंतर काकांचं काम बघण्यासारखं होतं. फिल्मवर ते आधी पेन्सिलने अक्षर काढत, सात-आठदा खोडून. ब, भ, क यांच्या पोटातला तुकडा सुटून पडू नये म्हणून आत बारीक पूल ठेवत. मग पात. प्रत्येक नाव झालं की शर्ट खाली पार्किंगमध्ये दोरीवर, आणि मी दहा हात लांब. "वाचा." मी वाचायचो. "वीस हात." मी मागे सरकायचो. "वॉचमनला विचारा." वॉचमन बिहारचा, त्याला मराठी नीट येत नसे, पण तो अक्षर अक्षर जोडून वाचायचा. काकांना तोच परीक्षक आवडायचा. "तुम्ही ओळखीनं वाचून राहिले जी. तो डोळ्यानं वाचते."

'डाखोरे' आणि 'खरे' या दोघांतही ख असल्यामुळे त्या अक्षराबद्दल ते हळवे होते. "ख म्हणजे र आणि व असे दोन जण आहेत जी. खाली त्यांनी एकमेकांचा हात धरला तर ख. हात सुटला की दोघंही मोकळे, आणि वाचणारा फसला. मी छत्तीस वर्षं एकाही पेटीवर हात सुटू दिला नाही. डारवोरे म्हणून मला जगायचं नव्हतं."

गुरुवारी संध्याकाळी सात नावं झाली होती. राहिली चार: भिडे, बर्वे, धारप आणि मी. माझं पहिलं 'खरे' बाणासकट बाद झालं होतं, आणि त्याची फिल्म वजनापाशी फाटली होती. गुडघा तर भिड्यांनी तिसऱ्याच दिवशी परत नेला होता, डॉक्टरांनी मागितला म्हणून. फिल्म संपल्या. आणि नेमका त्याच रात्री काकांना वर्ध्याला निघायचं होतं, नातीच्या बारशाला.

"शनिवारी परत येतो. तोवर चार फिल्मी शोधून ठेवा. हात लावू नका."

"नाही लावत."

दोन जिने उतरून ते परत वर आले. "हात लावू नका जी."

शुक्रवारी फोन आला, गाडी मिळत नाही, रविवारी सकाळी उतरतो. सामना रविवारी नऊला. रंग वाळायला एक दिवस लागतो, असं काकांनीच सांगितलं होतं. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? काहीच नाही. मी ते सोडून सगळं केलं.

शनिवारी सकाळी बायकोच्या भावाने अकोल्याहून येताना आणलेली एक फिल्म मिळाली. त्याच्या फ्रॅक्चरची. एक फिल्म आणि चार आडनावं. मी विचार करू लागलो, आणि माझ्या बाबतीत हे नेहमीच धोक्याचं असतं. नावं कशाला कापायची? सुटी अक्षरं कापावी आणि पुन्हा पुन्हा वापरावी! मग लक्षात आलं की अक्षरंही इतकी लागतच नाहीत. ब म्हणजे पोटात रेघ असलेला व. मग व कापला की ब कशाला? भ हा जवळजवळ म आहे. ध आणि घ यांत असा कितीसा फरक? आणि ख तर काकांनीच सांगितलं होतं, र आणि व. र आधीच होता, बर्व्यांच्या रफाराच्या जागी मी तोच आडवा करून ठोकणार होतो. मूळ वर्णमाला पाणिनीलाही इतकी आटोपशीर सुचली नसेल. नावांवरची सलग रेघ मी नंतर फुटपट्टीने मारली, सगळ्यांवर सारखीच, एका दमात. शर्ट दोरीवर टाकले. वॉचमनला विचारायचं राहून गेलं. म्हणजे, राहून गेलं असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

रविवारी मैदानाच्या दारापाशी तंबू, टेबल, आणि टेबलामागे स्पर्धेचे सेक्रेटरी निमकर. हातात आमची आधार कार्डं. सात जण आत गेले. मग मी.

"वळा." मी वळलो. "रवरे?"

"खरे."

"रवरे लिहिलंय."

"तो ख आहे. र आणि व वेगळे नाहीत, एकत्र आहेत."

"एकत्र आहेत हे त्यांना सांगा. मला तर दोघं शेजारी राहतात असं दिसतंय." त्यांनी कार्ड पाहिलं. "कार्डावर खरे आहे."

"तेच खरं आहे."

"खरं काय ते ठरवायला मला इथे बसवलंय. बाजूला उभे रहा. पुढचे. वळा. मिडे?"

भिड्यांनी मान मागे वळवली. "काय म्हणालात?"

"मिडे. मि-डे."

भिडे माझ्याकडे बघत राहिले. मग अतिशय शांतपणे म्हणाले, "खरे, माझ्या वडिलांनी मला आडनाव दिलं ते पूर्ण दिलं होतं."

मग 'वर्वे' आले, आणि त्यांच्यामागून 'घारप'. निमकरांनी चार कार्डं वेगळी ठेवली. "सात जण आहेत तुमचे. निदान नऊ हवेत. साडेनऊपर्यंत जुळलं तर खेळा. नाहीतर…" त्यांना पुढचं माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं. बाकडं.

आम्ही चौघं तंबूच्या सावलीत उभे होतो. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, एकटे धारप तेवढे म्हणाले, "घारप चांगलं वाटतं नाही का? कोकणातलं वाटतं." ते मनाने चांगले आहेत.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रिक्षा थांबली. काका उतरले, एका हातात पिशवी, दुसऱ्यात बारशाच्या पेढ्यांचा खोका. आम्हाला पाहिलं. म्हणाले, "वळा बाप्पा." चौघं वळलो.

"काहून केलं जी?"

"फिल्म वाचवली, काका."

"रंग आहे?"

रंग होता. काल काम झाल्यावर तो स्कूटरच्या डिकीतून घरात न्यायचा कंटाळा मी केला होता. माझ्या आळसाने आयुष्यात केलेलं हे एकमेव चांगलं काम. ब्रश होता, बोळा होता. फिल्म नव्हती, आणि असती तरी आता उपयोग नव्हता. आता मोकळ्या हाताने, अंगात घातलेल्या शर्टावर लिहायला हवं होतं. काकांनी आपला उजवा हात समोर धरून पाहिला. तो पेढ्यांच्या खोक्यावर आपटून वाजेल इतका कापत होता.

"काका, जमेल?"

"मला काय माहीत जी. बारा वर्षं झाली."

त्यांनी बर्व्यांना आधी घेतलं, कारण तिथे एकच तिरकी रेघ हवी होती. बर्व्यांना झाडाला हात टेकवून वाकायला लावलं. स्वतःचं कोपर त्यांच्या कमरेवर टेकवलं. "दम धरा." बर्व्यांनी श्वास रोखला. मी ब्रशच्या टोकाकडे पाहत होतो. हवेत तो थरथरत होता, डावी-उजवीकडे भटकत होता, आणि कापडाला लागला मात्र, थांबला. एक रेघ. वरून खाली. "सोडा."

'बर्वे'. रफार अजून जरा लोळलेला होता, पण बर्वेच.

भिड्यांच्या म वरची रेघ डावीकडे तोडून तिथे गाठ काढायची होती. निळ्यावर पांढरं लागणार होतं, आणि पांढरा रंग नव्हता. काकांनी मैदानाकडे पाहिलं. माळी खेळपट्टीवरच्या रेघा आखत होता. "तो चुना आण रे बाप्पा." माळ्याने द्रोणभर चुना दिला. काकांनी बोटाने रेघेचा तुकडा बुजवला, वर निळी गाठ दिली. धारपांच्या घ वरचाही असाच बुजवला. भिडे म्हणाले, "पाठ गार पडली." काका म्हणाले, "बोलू नका, म हलते."

मग माझी पाळी. मी वाकलो. मागून त्यांचा आवाज आला, पण तो माझ्याशी नव्हता. "धरा रे. हात धरा दोघांनी." पाठीवर ब्रशचा ओला, थंड वळसा जाणवला, र च्या पायापासून व च्या पायापर्यंत. "सोडा जी."

नऊ बावीसला आम्ही टेबलापाशी. निमकर म्हणाले, "हे तर हाताने लिहिलंय. छापलेलं हवं."

"नियमात छापलेलं लिहिलं आहे काय जी?"

निमकरांनी कागद काढला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर तोंड उघडलं. "मागची बाजू," मी म्हटलं. त्यांनी उलटला. लिहिलं होतं: स्पष्ट वाचता येईल असे.

"वाचा मग," काका म्हणाले. "इथून नाही. दहा हात मागे जा."

स्पर्धेचे सेक्रेटरी, कार्डं हातात घेऊन, उलट पावली मागे जाऊ लागले. "खरे," ते म्हणाले. "भिडे. धारप. बर्वे." "वीस हात," काका म्हणाले. निमकर आणखी मागे गेले, आणखी एकदा चारही नावं वाचली, आणि 'बर्वे' म्हणता म्हणता तंबूच्या दोरीवर बसले.

आम्ही खेळलो. सामना हरलो, सहज हरलो. मी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झालो. परत येताना त्यांच्या यष्टिरक्षकाने समजूत म्हणून पाठीवर थाप मारली, आणि माझा ताजा ख त्याच्या ग्लोव्हजवर उलटा उमटला. बाकी डावभर तो उलट्या ख ने झेल घेत होता. पण दारातून कुणी परत गेलं नाही. संध्याकाळी बाकडंवाल्यांनी ठराव मागे घेतला, आणि भिडे गेल्या महिन्यात सत्तर पूर्ण करून अजूनही उभे आहेत.

काका पुढे दोन महिन्यांनी वर्ध्याला राहायला गेले, नातीपाशी. मी नेमका त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होतो. त्यामुळे निरोप राहिला, आणि काका आठवले की मला दिसतात ते त्याच रविवारचे, दुपारी एकच्या सुमाराला. मी स्कूटर काढून निघालो होतो. काकांनाही घेऊन जायचं होतं, पण ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे जी, मला वेळ लागते."

ऊन तापलं होतं. पुढच्या सामन्याचा संघ आला होता. त्यांची नावं त्या गरम दाबाच्या दुकानात चिकटवलेली, महागातली, चकचकीत. पण कुणीतरी ते शर्ट घरी गरम पाण्यात धुतले होते आणि आता अक्षरं उन्हात सुटून लोंबत होती. निमकरांनी हात वर केले आणि काकांकडे बोट दाखवलं. मी दारापाशी वळून पाहिलं, तर झाडाखाली काका खुर्चीवर बसलेले, मांडीवर चुन्याचा द्रोण, आणि त्यांच्यापुढे ओळीने अकरा माणसं, सगळी पाठमोरी. एक बारावाही होता, रांगेच्या शेवटी. ते निमकर होते. त्यांना स्पर्धेत खेळायचं नव्हतं, शर्टही साधाच होता. तरी वळून उभे होते.

इतक्या जणांनी एका माणसाकडे एकदम पाठ फिरवलेली मी कधी पाहिली नव्हती. काकांनी ब्रश वर केला, तो हवेत थरथरला, आणि त्यांनी पहिल्या पाठीला विचारलं, "नाव सांगा जी. हळू सांगा. मला घाई नाही."